सेव्ह करण्याआधी टॅब

४ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. टीम लीड होऊ घातलेल्या माणसाला शिस्त हवी.
चष्म्याच्या दुकानात आपलं सॉफ्टवेअर सुरू झालं. नंबर भरायचा फॉर्म संपूर्ण माझा. पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या ताईंची तक्रार, की नवा नंबर टाकून सेव्ह केलं तरी आत जुनाच राहतो. राहणारच! कर्सर चौकटीतून बाहेर पडल्याशिवाय आतल्या रेकॉर्डला बदल कळत नाही. वरच्या पट्टीवरचं सेव्ह दाबलं तरी कर्सर चौकटीतच बसून राहतो. म्हणून आधी टॅब दाबायचा, मग सेव्ह. इतकं साधं आहे. पण लोकांना टॅबचं वावडं.

६ मार्च, बुधवार
साहेब म्हणाले, एक सेटिंग बदल, प्रत्येक अक्षर दाबताच रेकॉर्डला कळू दे, विषय संपव. मी म्हटलं, सर, ते शास्त्रशुद्ध नाही, अर्धवट नंबर आत कशाला पाठवायचा? साहेबांनी डोळे मिटून घेतले. बहुधा पटलं.
थकलो. पण तोडगा सुचलाय. चौकटीत बदल झाला की संदेश येईल, ‘कृपया टॅब दाबा.’

८ मार्च
ताईंचा फोन. दोन दाबला की संदेश. पॉइंट दाबला की संदेश. पाच दाबला की पुन्हा संदेश. गिऱ्हाईक उठून गेलं म्हणे.
संदेश काढून टाकला. या वातावरणात चांगलं काम होणं कठीण. जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

११ मार्च, सोमवार
आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा नवा नंबर मिळाला. वर्षभर बिचारी पेपरातले नुसते फोटो बघतेय. तिला घेऊन दुकानात गेलो. तिचा जुना चष्माही तिथलाच, त्यामुळे रेकॉर्ड तयार होतं. ताईंना म्हटलं, सरका जरा, घरचं काम मी स्वतः करतो. आईला सांगितलं, हे सगळं मी केलंय. तिने कीबोर्डवरून कौतुकाने हात फिरवला.
नंबर भरला, वर सेव्ह दाबलं, ऑर्डर गेली. झटक्यात. ताई मध्येच टॅबबद्दल काहीतरी म्हणत होत्या. चला, उशिरा का होईना, डोक्यात शिरलं त्यांच्या.

१६ मार्च, शनिवार
चष्मा आला. आई खूश. बराच वेळ पेपर धरून बसली होती. बायको म्हणाली, एकही पान उलटलं नाही. बारकाईने वाचत असेल. काही लोकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते.

१९ मार्च
आई जिन्यात पडली. शेवटची पायरी दिसली नाही. पाय सुजलाय, हाड शाबूत आहे. बिल्डिंगच्या सेक्रेटरीला कडक शब्दांत सांगणार आहे, जिन्यातला दिवा वाढवा. म्हातारी माणसं राहतात इथे.

२१ मार्च, गुरुवार
बायको चष्मा दुकानात तपासून आली. काचा जुन्याच नंबरच्या.
मी म्हटलं, ताईंनी घोळ घातला. ती म्हणाली, ऑर्डर भरणाऱ्याचं नाव तुझं आहे.
टॅब दाबला होता का, ते आठवून पाहिलं. बराच वेळ आठवून पाहिलं.
आईजवळ जाऊन बसलो. दिसत नव्हतं तर बोलली का नाहीस, विचारलं.
“तू केलेलं होतं ना सगळं,” ती म्हणाली, “मला वाटलं, माझेच डोळे गेले.”
फार वाईट वाटलं. तिच्या पायाला मलम लावलं. ती म्हणाली, तू झोप जा, दमला असशील.

२२ मार्च
सेटिंग बदललं. एका ओळीचं काम. साहेब बरं म्हणाले. टीम लीडचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.
संध्याकाळी दुकानात गेलो. आईचा नंबर ताईंनी भरला. मी बाहेर उभा राहिलो.