परसातलं डाळिंब

हदगाव, श्रावण वद्य ३, शके १८७०

स्वारीच्या पायांवर चंद्रप्रभेचं डोकं.

आपली विशाखा सुखरूप बाळंत झाली, मुलगा हाय. आजोबा झालात.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पायजे होतं. पण दंगलीमुळं मोटारी बंद, म्हणून मीच बैलगाडीनं आले. इथं भीती न्हाई. दिवसाही दाराला कडी घालतो, एवढंच. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालून कंबर मोडून गेली.

दोडक्याला मांडव घातला का? विहिरीवर एकटे जाऊ नका.

काल बाळाची नाळ गळाली. जावई म्हणाले, इथंच पुरा. मी न्हाई पुरली, पदराला बांधून ठेवली. परसात डाळिंबाखाली खड्डा करून ठेवा. बाळ घरी कधी येईल ठाऊक न्हाई, त्याची जागा तरी होऊ द्या.

थकलेली,
चंद्रप्रभा