दुसऱ्याच्या हाताला पान्हा न सोडणारी गाय

अण्णा,

गेल्या रविवारी आईला शिवनेरीवर घेऊन गेलो होतो. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे ही बातमी तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, आणि पोचली असती तरी तुम्ही पेपरातून मान वर केली नसती हे मला माहीत आहे. तरी लिहितोय. आपल्या लोणीहून जुन्नर गाडीने दोन तासांचा रस्ता. आईने पंचाहत्तरी गाठली तोवर तिने शिवनेरी पाहिली होती ती कॅलेंडरवर, आणि ऐकली होती ती तुमच्या भाषणांतून. तुमच्या हयातीत जे एकदाही जमलं नाही ते तुमच्याशिवाय एका रविवारात जमलं, हे तुमच्या तोंडावर सांगायला मिळालं नाही याची चुटपुट मला आहे. म्हणून हे पत्र. मोबाईलवर लिहितोय, तुमच्यासाठी कागदसुद्धा घेतलेला नाही.

तुम्ही गावच्या दूधसंस्थेचे चेअरमन होतात, आणि हे गावात नवीन आलेल्या कुत्र्यालाही कळेल अशा बेताने तुम्ही चालायचात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक नुसतं दाखवायला. दुधावर तुम्ही अर्धा अर्धा तास बोलू शकत होतात. फॅट कशी वाढते, कास कशी धुवावी, वासराला किती पाजावं, सगळं तोंडपाठ. फक्त आपल्या गोठ्यातल्या दोन गायींपैकी गाभण कोणती, हे तुम्हाला आईला विचारावं लागायचं. जन्मात एकदाही तुम्ही गायीखाली बसला नाहीत. इस्त्री मोडली असती. पहाटे आणि संध्याकाळी, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आई त्या गायींखाली बसायची, तिच्या दुधाची किटली डेअरीवर सगळ्यांच्या आधी पोचायची, आणि वर्धापनदिनाला शाल आणि नारळ तुमच्या हातात पडायचा. तो नारळसुद्धा घरी आल्यावर आईच फोडायची.

मी पाचवीत असताना तुम्ही मला शिवनेरीला नेलं होतं, आठवतंय? संस्थेचे दोन संचालक, तुम्ही आणि मी, भाड्याच्या जीपमधून. आई आदल्या दिवसापासून राबत होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडं पिठलं, सगळं फडक्यात बांधून तिने जीपमध्ये ठेवलं आणि गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी विचारलं, आई का नाही येत? तुम्ही संचालकांकडे बघून हसलात आणि म्हणालात, "आमची गाय दुसऱ्याच्या हाताला पान्हाच सोडत न्हाई." एखाद्याने मुलाचा पहिला नंबर सांगावा तसं सांगितलंत तुम्ही ते. संचालकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, केवढी मोठी गोष्ट आहे ही, आपल्या आईचा हात इतका भारी आहे! गाय एकाच हाताला लावून ठेवली की ती बाई कायमची दावणीला बांधली जाते, एवढं साधं गणित समजायला मला पुढे बरीच वर्षं लागली. तुम्हाला ते तेव्हाच समजत होतं, अशी माझी खात्री आहे. येताना जुन्नरच्या बाजारात तुम्ही आईसाठी खरेदी केलीत. शिवनेरीहून नवरा बायकोला काय आणतो? तुम्ही धार काढायला नवी स्टीलची बादली आणलीत. आणि आई खूश झाली, अण्णा. ते बघून मला आजही लाज वाटते, आणि ती तुमची लाज आहे, माझी नाही.

एकदा ती तापाने फणफणलेली असताना मी बादली घेऊन गोठ्यात गेलो होतो. नववीत असेन. गायीने लाथ झाडली, होतं नव्हतं ते दूध सांडलं. तुम्ही दारातून ओरडलात, "ऊठ तिथनं! बायकांची कामं करायला शाळेत घातलाय का तुला?" मग तुम्ही आईला हाक मारलीत. ती भिंत धरत आली, धार काढली आणि पुन्हा जाऊन निजली. तुम्ही तोवर डेअरीवर जायला तयार होऊन उभे होतात. मी पुस्तक उघडून बसलो आणि तुमचा मनापासून तिरस्कार करायला त्या दिवशी सुरुवात केली. तो मी आजवर नीट सांभाळला आहे. नोकरीत, संसारात, कुठेही अडलं की मी मनात म्हणतो, निदान मी त्यांच्यासारखा नाही. फार उपयोगी पडला आहात तुम्ही मला.

आता गोठ्यात एकच गाय आहे. मी पुण्याहून महिन्यातून एकदा येतो आणि दरवेळी म्हणतो, आई, विकून टाक. ती म्हणते, "मंग मी सकाळी उठू कशाला?" या वेळी मी बायको आणि मुलीला घेऊन आलो आणि जाहीर केलं की रविवारी आई पूर्ण दिवस आमच्याबरोबर हिंडणार, संध्याकाळी नात पास्ता करणार, मग सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा, आणि आईने धारेचं नावही काढायचं नाही. शेजारच्या चुलतभावाच्या बायकोला, आमच्या वहिनीला, मी धारेला सांगून ठेवलं. आईचा जीव काही राहीना. शेवटी तिने आपलं आदल्या दिवशीचं न धुतलेलं लुगडं खुंटीवर ठेवलं आणि वहिनीला बजावलं, "हे गुंडाळून बस. वासानं फसली तर फसली." गायीला फसवायला लुगडं, आणि आईला गाडीत बसवायला आम्ही तिघं.

शिवनेरीच्या पायऱ्या आई एकटी चढली. हात दिला तर झिडकारायची. शिवाईच्या देवळापर्यंत आली, दर्शन घेतलं, बाहेर टेकली आणि खाली पसरलेल्या जुन्नरकडे बघत म्हणाली, "एवढंच व्हय? तुझ्या बापानं लई मोठ्ठं करून सांगितलं व्हतं." मी इतका हसलो की बायको बघायला लागली. मला वाटलं, जिंकलो. तुमच्या अर्ध्या तासाच्या भाषणांचा निकाल तिने एका वाक्यात लावला होता. तिने डबा खाल्ला, नातीबरोबर फोटो काढले, डोक्यावरचा पदर सारखा करून पुन्हा एक काढायला लावला. आणि साडेतीन वाजता, घड्याळ न बघता, उठून उभी राहिली. "चला. ती आता मान काढून वाट बघत आसंल." मी म्हटलं, आई, वहिनी आहे ना. ती बसली, पण आता ती शिवनेरीवर नव्हती. हे तुमचं काम, अण्णा. तुम्ही त्या बाईच्या हाडात संध्याकाळची वेळ घालून ठेवली आहे. मी मुद्दाम सावकाश उतरवलं, बाजारातून चालवलं, वाटेत कळंबला थांबून सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि आईला आग्रहाने दुसरा ग्लास घ्यायला लावला. पूर्ण दिवस म्हणजे पूर्ण दिवस.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच होती. "झाली धार, काकू," म्हणाली आणि लगबगीने निघून गेली. आई गोठ्याकडे वळली तर मी तिला खांद्याला धरून घरात आणलं आणि नातीने तिला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. पास्त्याच्या नळ्या उकळताना बघून आई म्हणाली, "आगं, ह्यांच्यात आरपार दिसतंय की!" नातीला पांढऱ्या रश्शासाठी दूध हवं होतं. वहिनीने पातेल्यात ठेवलं होतं ते अर्धा लिटर. आईने पातेलं वाकडं करून बघितलं. "एवढंच?" मी म्हटलं, बाकीचं डेअरीला घातलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पातेलं नातीकडे सरकवलं. नातीने ते सगळं दूध ओतलं, मैदा घोटला, चीज किसलं, आणि आईने कुणाचं लक्ष नाही बघून वरून लसणाची चटणी टाकली. पास्ता त्यामुळे फारच सुधारला. सगळे एकदम जेवायला बसलो. अण्णा, सगळे एकदम. आई टीव्हीसमोर सोफ्यावर, मांडीवर ताट, गरम. तुमच्या घरात ती कधी कुणाबरोबर जेवली? तुमचं ताट उचलल्यावर, चुलीच्या उजेडात, उरलं ते. मी तुमच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघून घास घेत होतो.

सिनेमा विनोदी होता. आई तोंडाला पदर लावून हसत होती, पात्रांना सल्ले देत होती, "आरं मागं बघ, मागं बघ!" तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात गोठ्यातून गाय हंबरली. आईचा घास थांबला. मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

मला माहीत होतं म्हणून वाढवला. आम्ही कळंबला रस पीत होतो तेव्हा वहिनीचा फोन आला होता. "भाऊजी, लुगडं नेसले, काकूंवानी हाका मारल्या, पेंड घातली, अर्ध्या लिटरच्या वर सोडंना. लाथा झाडतीय. काकूंना बिगी बिगी घेऊन या." मी बाजूला जाऊन तिला म्हणालो, आईला काही कळवू नका, आलो की धार झाली म्हणून सांगा, एक वेळ राहिली तर काय बिघडतं. दुसरा ग्लास मी त्या फोननंतर मागवला.

गाय पुन्हा हंबरली. "आवाज कमी कर," आई म्हणाली. मी म्हटलं, आई, आज तरी! हे मी ज्या सुरात म्हटलं तो सूर खोलीत सगळ्यांनी ऐकला. तिने ताट खाली ठेवलं आणि गेली. नात मागे धावली. मी बसून राहिलो, कारण जाऊन करणार काय होतो? मला धार काढता येत नाही. थोड्या वेळाने गेलो तर आई गायीखाली बसून गरम पाण्याचं फडकं कासेला लावत होती. कास दगडासारखी झाली होती, एका सडातून दुधाच्या गुठळ्या येत होत्या. ती गायीशी बोलत होती, माझ्याशी नाही. "चुकलं बाई माझं. मला कळाय पायजेल व्हतं. मी आपली नळ्या खात बसले." नात बॅटरी धरून उभी होती आणि रडत होती. सिनेमा आत एकटाच चालू होता.

सकाळी डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला. तो सड वाचेलही म्हणाला. आईने मला चहा दिला आणि समोर बसून विचारलं, "तुला तिनं फोन केला न्हाई का रं?" वहिनी तिला रात्रीच सगळं सांगून गेली असणार, इतकं मला कळतं. तरी मी म्हणालो, नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. तुमच्याकडे बघायची तशीच बघत राहिली, अण्णा, त्या नजरेला राग म्हणता येत नाही, ती नुसती काम उरकते. मग कप उचलून म्हणाली, "मंग रेंज नसंल. तिकडं घाटाखाली रेंज नसती म्हंत्यात."

कळंब हायवेवर आहे. रेंज भरपूर असते.