पंपाची शीळ

प्रिय गंधार,

तू राजीनामा दिलास ही बातमी अड्यारच्या ऑफिसातून इथे गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात पोचायला दोन तासही लागले नाहीत. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, त्याआधी बरं वाटलं. मग तुझा मेसेज आला, पंपात माझं नेमकं कुठे चुकलं ते तूच सांगू शकशील म्हणून. गणित कुणाचं होतं याची चार वर्षांनी आठवण झाली म्हणायची! उत्तर मेसेजात मावणार नाही, म्हणून पत्र.

रंजनी बरी आहे ना? नवरा दिवसभर घरात म्हणजे तिला सवय व्हायला वेळ लागेल बिचारीला.

आपलं लग्न ठरलं होतं तेव्हा अणुपाणबुडीच्या या पंपाचं गणित मी केलं होतं. शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढायचा तर आपण वाजून चालत नाही, आणि अणुभट्टी थंड ठेवणारा पंप तर बंद करता येत नाही. सहा महिने मी त्या आवाजाच्या मागे होते. अहवालावर तू तुझ्या एकट्याचं नाव घातलंस. घरात कुणा एकाचं नाव झालं तरी पुरे, म्हणालास. मी खुळी, तुझ्या आईसाठी कांजीवरम बघत फिरत होते. पुढे घरही तू दुसरीबरोबर मांडलंस.

तोच पंप चाचणीला माझ्याकडे आला. आलेखावर पहिल्याच दिवशी बारीक शीळ उमटली. सात महिने तू बेअरिंगं बदललीस, पाती घासलीस, वजन निम्मं केलंस. शीळ जाईना. मी तुला कॉफी पाजत होते आणि आकडे देत होते. एकही आकडा बदलला नाही, देवाशप्पथ. शेवटी कमिटीने पंप नाकारला.

आता ऐक. चाचणीच्या आदल्या दिवशी आयुधपूजा होती. आमचे फोरमन गुरुमूर्ती, तंजावरकडचे मराठी, फार भाविक. त्यांनी सगळ्या यंत्रांबरोबर तुझ्या पंपालाही चंदनाचे जाड ठिपके लावले. आवाज मोजायचा सेन्सर नेमका एका वाळल्या ठिपक्यावर बसवला गेला. तो धातूला घट्ट टेकायला हवा. चंदनावर तो स्वतःच थरथरत होता. शीळ त्याची होती. आठव्या दिवशी मला सेन्सरच्या कडेला पिवळं दिसलं. एकदा बसवलेला सेन्सर चाचणी संपेपर्यंत हलवायचा नाही, हा नियम तुझाच. मी पाळला. गुरुमूर्तींना मात्र कळू देऊ नकोस, म्हातारा जीव देईल.

तुझं कुठेच चुकलं नव्हतं, गंधार. पंप उत्तम होता. गणित माझं होतं, मला ठाऊक आहे. हे पत्र खुशाल कमिटीला दाखव, अहवाल कुणी लिहिला तेही त्यात वाचतील. मी आधीच सांगितलं असतं तर तू धावत येऊन पुन्हा मोजला असतास. तो एकच पंप होता. काल तो कापून भंगारात टाकला. मी समोर उभी राहून रडले, तुझ्यासाठी नव्हे. आता मोजायला काही उरलेलं नाही, म्हणून आज लिहिलं.

तुझीच,
अदिती