चौथ्या मजल्यावरचं अर्थिंग

अप्पा, तुम्ही लाकडी पट्ट्या ठोकून ज्या पाच मजली इमारतीचं वायरिंग केलं होतं, तिथल्या खोल्या आता म्हाताऱ्या माणसांना स्वस्त भाड्यानं देतात. बिदरातल्या त्या इमारतीची लिफ्ट बघायला राजेश्वर गावाहून माणसं यायची, आठवतंय ना? तिथली सगळी वायर नव्यानं घालायचं काम मला मिळालं. तुमच्या पट्ट्या काढताना लई मिरवलो मी. दिसंल त्याला सांगत सुटलो, हे आमच्या अप्पांच्या हातचं, इतकी वर्षं झाली तरी एक खिळा हलला न्हाई. आता ते बोलणं आठवलं की कुठं तोंड लपवू असं होतंय.

तुमच्या टायमाला वरच्या मजल्यांवर अर्थिंग नव्हतंच. आता अंगणात नवा खड्डा घेऊन तिथून खोलीखोलीत, फुटलेला करंट जमिनीत उतरवणारी अर्थची वायर न्यायची होती. चौथ्या मजल्यावर पाईप गच्च झाला, वायर पुढं सरकंना. भिंत फोडावी तर रंग झालेला, आणि दुसऱ्या दिवशी तपासणी. मग मी नऊ खोल्यांच्या सॉकेटात तारेचा एकेक तुकडा टाकून अर्थ करंट परत नेणाऱ्या न्यूट्रल वायरीलाच जोडून दिली. तपासणीवाल्यानं टेस्ट लॅम्प लावला, दिवा लख्ख लागला. तो दिवा खोटा होता, जमिनीपर्यंत वायर गेलीच नव्हती, हे मला ठाऊक होतं. नौबादला एका घरी पोरवयात मी हेच केलं होतं, तर तुम्ही घरमालकादेखत थोबाडीत दिली होती. मग सगळं नीट करून, चप्पल काढून, वल्या फरशीवर उभं राहून पाण्याच्या मोटारीच्या लोखंडाला आधी तुम्ही हात लावला. घरातल्या बाईच्या आधी आपला हात लागला पाहिजे, असं म्हणायचा तुम्ही. लोकांत त्याची मी चेष्टा करायचो. आता मीटर आलेत म्हणायचो.

दोन महिन्यांनी त्या मजल्याची न्यूट्रल ढिली झाली आणि माझ्या त्या तुकड्यातनं करंट एका खोलीतल्या फ्रिजच्या पत्र्यात उतरला. तिथं ठाणाकुशनूरच्या एक अक्का एकट्या राहतात. आयुष्यभर शाळेत पोरांचा स्वयंपाक केलेली बाई. इन्सुलिन काढायला फ्रिजला हात लावला आणि फेकल्या गेल्या. बोर्डातला स्विच पडला म्हणून जीव वाचला, पण मनगट मोडलं. मी खालच्या मजल्यावर कामात होतो, पळत वर गेलो तर खाली बसल्या बसल्याच म्हणाल्या, "माझंच चुकलं बाबा, हात वले होते."

आणि मी म्हणालो, "व्हय अक्का. वल्या हातानं लावत जाऊ नका."

किती सहज बोललो, अप्पा. जीभ अडखळली सुद्धा न्हाई.

त्याच आठवड्यात ओल आल्याचं निमित्त सांगून भिंती फोडल्या आणि नऊच्या नऊ खोल्यांत खरी अर्थ नेली. आता तिथं धोका न्हाई. पण इमारतीच्या ऑफिसात ठरलंय, अक्कांना भान राहत न्हाई, एकटं ठेवणं बरं न्हाई. सोमवारी पुतण्या न्यायला यायलाय. त्याच्या घरी चहासुद्धा मागून प्यावा लागतो, इथं आपला आपण करून पिता येतो, असं त्या मलाच सांगत बसल्या होत्या, प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन. म्हणाल्या, "तू सांग की त्यांना. म्हणावं, आता हात पुसूनच लावते." मी नुसती मान डोलावली.

चूक माझी होती, एवढंच ऑफिसात सांगायचंय. लायसन जाईल, जाऊ दे. खरी भीती दुसरीच हाय. या गावात अजून मला तुमचा लेक म्हणून काम देतात.

तुम्ही आता थोबाडीत द्यायला राहिला न्हाई, म्हणून तर तुम्हाला एवढं सगळं लिहिता आलं. काल दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा मॅनेजरनं विचारलं, काय काम होतं? मी वर बघितलं. व्हरांड्यातली ट्यूब फडफडत होती. ती बदलून दिली आणि घरी आलो.