पेटीवर बैलाची झूल

सोमवार, १४ डिसेंबर १९५३

अजून डोकं बधिर आहे. दादाला गाण्याचा गंध नाही. त्याचा सगळा जीव शंकरपटात पळणाऱ्या सोन्या बैलात. तरी आज मानवतच्या दुकानात मी स्वस्तातल्या पेटीला हात लावला, तर माझ्यावरच खेकसला, "शौकात कंजूषी करायची न्हाई! हलक्या बैलावर कुणी पट जिंकलाय का?" आणि दुकानातली सगळ्यात भारी पेटी घेतली. माझी जुनी, फाटक्या भात्याची, तिथंच बदल्यात देऊन टाकली. मी खुळ्यासारखा हसत होतो.

घरी वहिनीनं पेटी ओवाळली. दादानं तिच्यावर सोन्या बैलाची रेशमी झूल घातली. मला वाटलं, कौतुक! संध्याकाळी रियाजाला बसायचं म्हणून झूल उचलली, तर मनगटच धरलं त्यानं.

"काय करायलास?"

"वाजवायलोय, दादा."

"येडा का खुळा? पटाचा बैल रोज औताला जुंपतेत का? गावच्या सप्त्यात काढायची. तवर हात लावायचा न्हाई!"

चेष्टा असेल म्हणून वहिनीकडे पाहिलं. ती पेटीला नजरेचा काळा दोरा बांधत होती.

सप्ता कधी, तर चैत्रात! त्याचं मन कसं मोडू? एवढ्या हौसेनं घेतलीय त्यानं. पण विसाव्यानं बैलाला जोर चढतो, माझ्या बोटांना गंज चढेल, हे त्याला कुणी सांगावं? ती झूल तर डोळ्यांपुढून हलत नाही.

फाटक्या भात्यावर माझा रियाज कधी चुकला नाही. आज गावातली सगळ्यात भारी पेटी आमच्या घरात आहे, आणि मी गोधडीवर बोटं चालवून उठलो.