अक्कलदाढेचे एकशे बारा पराभव

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात मी खुर्चीत बसलो आहे, कारण एकदा खाली वाकलं की गुडघा वर यायला हरकत घेतो. तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला कमी झाला का, की शेजारी अजून त्यांच्या पहाटेच्या खोकल्यावर घड्याळ लावतात? त्यांना माझा नमस्कार सांग. इकडे मी ठीक. (ठीक म्हणजे साखर जरा वर, केस जरा कमी आणि दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडलेले. हे घट्टे कामाने पडलेले नाहीत. ते कशाने पडले हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलंय.)

तुला कळवायचं राहून गेलं, पण तीन महिन्यांपूर्वी माझ्या वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला आणि माझ्या झोपायच्या खोलीचं छत माझ्या पलंगावर येऊन पडलं. मी तेव्हा कवळ्यांच्या लॅबमध्ये कुणाचा तरी वरचा जबडा घासत होतो, म्हणून वाचलो. कंत्राटदाराने दोन आठवडे सांगितले. कंत्राटदाराचे आठवडे आपल्या आठवड्यांपेक्षा लांब असतात, हे मला या वयात कळलं. तेव्हा मी दोन बॅगा उचलून लेकीच्या घरी राहायला आलो. गंमत अशी की लेक घरी नाही. ती आठ महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात पूल बांधायला गेली आहे. म्हणजे घरात मी आणि जावईबापू, दोघंच.

जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात हे तुला माहीत आहे. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना दिवसभर बाहेरून धीर देऊन त्यांचे शब्द संपत असावेत. घरी आल्यावर मोजून अकरा शब्द, त्यातले चार ‘हं’. माझंही काय वेगळं? चौतीस वर्षं कवळ्या बनवल्या, समोर कायम प्लास्टरची तोंडं. ती उलटून बोलत नाहीत, म्हणून मलाही बोलायची सवय नाही. आम्ही दोघं जेवायला बसलो की तिसऱ्या माणसाला वाटलं असतं, की इथे कुणाची तरी परीक्षा चालू आहे. त्यात लेकीचा रोज फोन. दोघं बोलता ना? मी म्हणालो, खूप. कशावर? माझ्या तोंडून गेलं, लिफ्टवर. ती म्हणाली, बाबा, तो माझ्याशीसुद्धा लिफ्टवर बोलत नाही. मग तिचा आवाज एवढासा झाला. दोघांनाही एकटं टाकून आल्यासारखं तिला वाटत होतं. तेव्हा मी ठरवलं, काहीतरी बोलायचं. कशावर ते ठरेना.

रोज सकाळी सहाला जावईबापू टीव्हीसमोर बसतात आणि हातातल्या कंट्रोलरने मारामारीचा खेळ खेळतात. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, एक दुसऱ्याला आडवा करतो, मग पुन्हा पहिल्यापासून. या खेळाच्या स्पर्धा होतात आणि आपला जावई त्यांत भाग घेतो, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. एका सकाळी, निव्वळ बोलायचं म्हणून मी विचारलं, हे मला जमेल का हो? मला वाटलं, ते हसून नाही म्हणतील आणि आमचा दिवसाचा कोटा पुरा होईल. त्यांनी उठून दुसरा कंट्रोलर जोडला.

आधी आपला गडी निवडायचा असतो. तिसेक जणांची रांग होती. पंखेवाल्या बायका, शेपटीवाले पुरुष, एक तर नुसता धूर. त्यात एक जाडजूड कुस्तीगीर बाई दिसली. कमरेवर हात ठेवून अशी बघत होती, की आपण चिखलाच्या पायांनी तिच्या स्वयंपाकघरात आलो आहोत. मला तुझी आठवण झाली आणि मी तिला घेतलं. (रागावू नकोस. सगळ्यांत ताकद तिच्यातच आहे, फक्त ती हळू चालते.) खेळताना लावायला एक टोपणनाव लागतं. मी ‘अक्कलदाढ’ दिलं. पहिल्याच डावात जावईबापूंनी मला उचलून असं आपटलं, की माझ्या तोंडून ‘अरे’ निघून गेलं. लग्नापासून चार वर्षं जपलेलं ‘अहो’ त्या क्षणी गेलं ते गेलंच. तेव्हापासून तो माझ्यासाठी ‘तो’ झाला. त्यालाही ते बरं वाटलं असावं.

मग त्याने मला ऑनलाइन सोडलं, माझ्या पातळीच्या लोकांशी खेळायला. माझ्या पातळीचे म्हणजे ज्यांनी कालच खेळ हातात घेतलाय असे. त्यांच्याशी मी एकशे बारा डाव हरलो, ओळीने. माझी पद्धत साधी होती, सगळी बटणं एकदम दाबायची. दाढेवरची केसाएवढी रेघ कोरणारे हे हात, ताई, आणि पडद्यावर माझी बाई फिट आल्यासारखी हातवारे करत होती. मी म्हणालो, कंट्रोलर बिघडलाय. त्याने स्वतःचा दिला. हरलो. म्हणालो, खुर्ची बुटकी आहे. त्याने खुर्ची बदलली. हरलो. चष्म्याचा नंबर बदललाय म्हटल्यावर मात्र त्याने काही बदललं नाही.

या खेळात झालेल्या डावाचं रेकॉर्डिंग राहतं. एका रविवारी त्याने मला शेजारी बसवलं, माझा एक डाव लावला आणि मधेच थांबवला.

“बाबा, इथे काय केलंत?”

“उडी मारली.”

“का?”

“तो अंगावर आला म्हणून.”

त्याने पुढे नेलं, पुन्हा थांबवलं. पुन्हा उडी. असं पाच वेळा झालं. मग तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही घाबरलात की उडी मारता. तो उडीचीच वाट बघत असतो.”

एवढंच. पण माझ्या कानशिलं तापली. (कानशिलं माझीच, व्याकरण रागाचं.) मी उठलो, दार उघडलं आणि चालू लागलो. रस्त्यावर आल्यावर कळलं, की एका पायात माझी चप्पल आहे आणि दुसऱ्यात त्याची. तशीच घासत बसथांब्यापर्यंत गेलो आणि बाकावर बसलो. मनातल्या मनात त्याला बरंच सुनावलं. मी कवळ्या करायला लागलो तेव्हा तुझे दुधाचे दातही आले नव्हते, वगैरे. दोन बस आल्या, माझ्यासाठी थांबल्या आणि निघून गेल्या. शेवटी परत फिरलो, कारण किल्ली आत राहिली होती आणि दुसरीकडे जायला मला छत नव्हतं. त्याने दार उघडलं. पडद्यावर माझी बाई हवेत होती तशीच हवेत होती. त्याने माझ्या चपलांकडे एकदा पाहिलं. म्हणाला, “अजून चार उड्या बघायच्या आहेत.” मी बसलो.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशीच तालीम सुरू झाली, हे डाव मोजायचे नाहीत या अटीवर. पहिला आठवडा मारायचंच नाही, फक्त अडवायचं. दुसरा आठवडा, पडलो की उठताना एकही बटण दाबायचं नाही. (हे फार अवघड आहे. पडलेल्या माणसाला उठता उठता कुणाला तरी चापट मारावीशी वाटतेच.) तो म्हणाला, एका वेळी एकच चूक धरायची, बाकीच्यांना राहू द्यायचं. मी एक वही केली आणि रोज किती वेळा घाबरून उडी मारली ते लिहू लागलो. पहिल्या दिवशी एक्केचाळीस. लॅबमधली मुलगी विचारू लागली, काका, दुपारी तुमचे अंगठे का हलतात? मी म्हणालो, वात. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. आपण नुसतं अडवत राहिलो की समोरच्याचा धीर सुटतो आणि तो जवळ येतो. आणि जवळ आला की माझी बाई त्याला उचलते.

मग पुन्हा ऑनलाइन उतरलो आणि एकशे तेरावा डाव मी जिंकलो. ओरडलो नाही. कंट्रोलर खाली ठेवला आणि हात मांडीवर पुसले. स्वयंपाकघरातून त्याने विचारलं, कोण जिंकलं? मी म्हणालो, मी. तो ओल्या हातांनी बाहेर आला आणि त्याने उभ्या उभ्याच सगळं रेकॉर्डिंग बघितलं. मग म्हणाला, “शेवटी नशीब होतं. पण उड्या फक्त सहा.” मला लॅबने पंचवीस वर्षांनंतर चांदीचा पेला दिला होता. तेव्हा इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या दिवशी लेकीचा फोन आला तर आम्ही दोघं एकाच वेळी बोलायला लागलो. ती म्हणाली, एकेक करून बोला, मला काही कळत नाहीये.

मग गेल्या रविवारची स्पर्धा. चपलांच्या दुकानाच्या वर एक हॉल आहे, तिथे चोवीस जण जमले होते. नाव नोंदवणाऱ्याने मला विचारलं, काका, कुणाला न्यायला आलात? दोनदा हरलं की बाहेर, असा नियम. पहिली गाठ एका नर्सशी पडली. ती ड्यूटीवरून थेट गणवेशातच आली होती. तिने मला एका मिनिटाच्या आत संपवलं आणि वर विचारलं, बीपी तपासलंय का अलीकडे? दुसरा एक बसचालक. चांगला भरभक्कम माणूस, पण मी जरा पुढे सरकलो की त्याची उडी. ताई, मला तो नात्यातला वाटला. मी थांबलो, अडवलं आणि दर उडीला झेललं. जिंकलो. हात मिळवताना मी त्याला म्हणालो, तुम्ही घाबरलात की उडी मारता. त्याचा चेहरा असा झाला, की मी त्याच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं. तिसऱ्या डावात मीही गेलो.

मग जावयाचे डाव बघत बसलो. तो पुढे असला की त्याचा जबडा आवळला जातो. डावीकडचा स्नायू उडतो. (जबडे हा माझा विषय.) आणि एकदा दात आवळले की तो मागे सरकायला लागतो आणि हातातलं घालवतो. दोन डावांच्या मध्ये मी त्याला सांगितलं, “जिंकत आलास की दात आवळतोस, मग नुसतं जपत बसतोस.” सांगून झाल्यावर मला वाटलं, आता हा उठून जाणार. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “बरोबर आहे.” पाणी प्यायला आणि जाऊन पुढचे दोन डाव तोंड थोडं उघडं ठेवून खेळला. तिसरा आला. तिसरा येण्यापेक्षा मला ते ‘बरोबर आहे’ मोठं वाटलं. माणसाला स्वतःची चूक ऐकून जागेवर बसून राहता येतं, आणि वर पाणीही पिता येतं.

परतताना बसमध्ये तो मला डाव समजावत होता आणि मला तुझी कवळी आठवत होती. तीन वर्षं झाली. मी स्वतः करून आणली, तू घातलीस आणि म्हणालीस, डावीकडे दुखतंय. मी म्हणालो, नवीन आहे, सवय होईल. तू पुन्हा म्हणालीस. मी म्हणालो, एकतीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही. तू म्हणालीस, “अरे, दुखतंय ते मला कळणार की तुला?” आणि मी भरल्या ताटावरून उठलो, तो आजवर तुझ्या दारात आलो नाही. आमच्या धंद्यात एक पातळ निळा कागद असतो. तो दातांमध्ये ठेवून चावायला सांगतात, जिथे डाग गडद उमटतो तिथे घासतात. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी तो कागद माझ्या बॅगेत होता. अर्थात जबड्याचा आकारही बदलत असतो आणि त्या वर्षी प्लास्टरही जरा हलकंच आलं होतं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. असो.

प्रकृतीला जप. भावोजींना गार पाणी देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता.क. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुमच्या गावात, वाचनालयाच्या सभागृहात, या खेळाची मोठी स्पर्धा आहे असं कळतं. आम्ही दोघं शनिवारी संध्याकाळी पोचू. एका रात्रीपुरत्या दोन गाद्या पुरेत. मी केवळ स्पर्धेसाठी येतोय असं कृपया समजू नकोस.

ता.क. दुसरं. तुमच्या टीव्हीच्या मागे एक वायर जोडायला जागा आहे का, ते भावोजींना बघून ठेवायला सांग. सकाळी सहाला थोडा सराव करावा लागेल. जावई गप्प असतो, पण माझी बाई कुणाला आपटताना ओरडते.

ता.क. तिसरं. शुद्धलेखन तपासायला पत्र जावयाकडे दिलं होतं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, “सगळं आलंय. पण चुकलो असं कुठे लिहिलंय?” मी म्हणालो, ते ओळींच्या मधे आहे. तो म्हणाला, मला मधे काही दिसत नाही. मी उठलो आणि परत बसलो. तर ताई, कवळी चुकली होती. डावीकडे उंच राहिली होती, तू पहिल्याच दिवशी सांगितलंस, आणि चूक माझी होती. मी येईन तेव्हा समोर बसव आणि तेव्हा सांगायचं राहिलेलं सगळं सांग. लागेल तेवढा वेळ बसेन. (रविवारी मात्र दहाच्या आत आटपावं लागेल.)