उष्ट्या ताटांची नोकरी

मुंबई,
दि. १२ जून १९७३

ती. आत्यास शेवंताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इथं येऊन दोन महिने झाले आणि तुला दोनच कार्डं टाकली. रागावू नकोस. आज सविस्तर लिहिते, कारण आज सांगण्यासारखं आहे. माझी निवड झाली. साडेतीनशे मुलींतून चौदा घेतल्या, त्यात मी एक. विमान कंपनीत नोकरी लागतेय असं मी बाबांना बाळापूरला कळवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण ऑफिसातली नोकरी असेल असा त्यांनी समज करून घेतला आणि मी तो मोडला नाही. आत्या, मी हवाई सुंदरी होणार आहे. हसू नकोस. हा शब्द लोकांचा आहे, माझा नाही.

सध्या ट्रेनिंग चालू आहे. सकाळी चालायला शिकवतात. बावीस वर्षं मी कशी चालत होते कोण जाणे! शिकवणाऱ्या बाई म्हणतात, तू निंदणाला निघाल्यासारखी चालतेस. मग भरलेला ट्रे हातात घेऊन तेच चालणं, वर हसू. बाकीच्या मुलींना वजन उतरवायला सांगितलं आहे आणि मला तीन किलो वाढवायला. गेल्या आठवड्यात तर पोहण्याच्या तलावात उतरवलं. विमान पाण्यावर उतरलं तर माणसं बाहेर कशी काढायची, त्याची ती तालीम. आपल्या कयाधू नदीत गुडघाभर पाण्यापुढं मी कधी गेले नव्हते. तीन दिवस नाकातोंडात पाणी गेलं, चौथ्या दिवशी तरंगले.

आई गेल्यावर तू मला हिंगोलीला तुझ्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये नेलंस, शाळेत घातलंस. माझं अवघड ते सगळं तूच निस्तरलंस. हेही तुझ्यावरच टाकते. बाबांना तू सांग. ते तुझं ऐकतात.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
शेवंता


हिंगोली,
दि. २ जुलै १९७३

चि. शेवंतास आत्याचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ड्यूटीवर एकटीच हसले. वार्डातली बाई म्हणली, सिस्टर, काय झालं? म्हणलं, आमच्या घरात सुंदरी निघाली. लहानपणी तुझं नाक मी पदरानं पुसलं आहे, ते कंपनीला कळवू का? वजन वाढवायचं तर इतकं रडायचं काय, रोज दोन भाकरी अन् वर शेंगदाण्याची चटणी खात जा.

इथं हगवणीची साथ आहे. दोघी नर्सा रजेवर गेल्या, म्हणून मी आठ दिवस सलग उभीच आहे. पायावर बोट दाबलं की खड्डा पडून राहिला. असो.

रविवारी एस.टी.नं तुझ्या बाबांकडं बाळापूरला गेले. दादा शाळेचं हजेरीबुक लिहून राहिले होते. मी सांगितलं. त्यांनी हजेरीबुक मिटलं. मग विचारलं, तिथं ती करंल काय? मी म्हणलं, लोकांना चहा-जेवण देईल, त्यांची सोय बघंल. ते म्हणाले, अन् खाऊन झालेली ताटं? आता मी खोटं कसं बोलू? म्हणलं, ती बी उचलंल.

शेवंता, तू तवा लहान होती. छप्पन साली धर्म घेतल्यावर आपल्या लोकांनी गावातली जुनी कामं टाकली. लग्नातल्या पंगती उठल्या की उष्ट्या पत्रावळी उचलायला आपल्यालाच बोलवायचे. दादांनी भर मांडवात सांगितलं, उद्यापासून आमी उचलणार न्हाई. दादांना तवा शाळेची नोकरी नव्हती, अन् दोन वर्सं कोणी आपल्याला शेतात कामाला बोलवलं न्हाई. तुझी आई रानातली भाजी खुडून दिवस काढायची. ते सारं दादांच्या डोळ्यासमोर आलं. मला म्हणाले, जनका, मी जे खाली टाकलं ते माझ्या पोरीनं आभाळात जाऊन उचलावं, यासाठी तिला बी.ए. केली काय? येताना त्यांनी मला बसपर्यंत पोचवलं पण तुझं नाव काढलं न्हाई.

तू तुझं काम शीक. मी इथं आहे. तब्येतीला जप अन् आमची याद ठेव.

तुझी आत्या,
जनकाबाई


मुंबई,
दि. २० ऑक्टोबर १९७३

ती. आत्यास शेवंताचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळून साडेतीन महिने झाले. बाबांना मी तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. तुला लिहायला बसले की त्यांचं वाक्य आठवायचं आणि पेन ठेवून द्यायचे.

ऑगस्टपासून मी उडते आहे. पहिल्या दिवशी ढगांच्या वर गेलो तेव्हा अंगावर काटा आला. तिसऱ्या आठवड्यापासून खिडकीतून बघायला सवड मिळालेली नाही. पहाटे चारला हॉस्टेलच्या दारात गाडी येते. एका दिवसात चार वेळा चढायचं, चार वेळा उतरायचं. तेवढ्यात साठ-सत्तर माणसांना खायला द्यायचं आणि विमान टेकायच्या आत सगळं परत गोळा करायचं. उलट्यांच्या पिशव्याही आम्हीच उचलतो. काही लोक हाक मारत नाहीत, चुटकी वाजवतात. तरी हसायचं. खोलीवर आले की गाल दुखतात. पाय बादलीत बुडवून बसते आणि तुझी आठवण येते. तुझ्याही पायांना कुणी बादली आणून दिली नाही कधी.

खरं सांगू का? बाबा चुकीचे आहेत असं मला ठामपणे म्हणता येत नाही. ताट उचलताना माझी जात इथं कुणी विचारत नाही. माझ्याबरोबर एक कर्नलची मुलगी आणि एक गोव्याची मुलगी तीच ताटं उचलतात. बाबांना हे सांगितलं तर पटेल का? कधी कधी एखादा माणूस उष्टा हात पुसलेला कागद माझ्याकडे न बघताच माझ्या हातात देतो, तेव्हा मलाच पटत नाही.

एवढं मात्र बाबांना सांग, की मी कुणापुढं वाकत नाही. ट्रे उचलायला तेवढी वाकते.

तुझ्या दोन ओळी आल्या तरी मला आठवडा पुरतात. लिही.

तुझी,
शेवंता


हिंगोली,
दि. ९ जानेवारी १९७४

चि. शेवंतास आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझा निरोप दादांना सांगितला. ऐकून घेतला. म्हणाले, वाकणं ते वाकणंच. मग मी चिडले. तुला हे कधी सांगितलं न्हाई, आज सांगते. लग्नानंतर वर्सातच मी विधवा होऊन माहेरी आले. तवा दादाच मला नर्सिंगच्या शाळेत घेऊन गेले. सारे नातेवाईक म्हणाले, परक्या माणसांचा गू-मूत काढायला बहिणीला पाठवतो, लाज न्हाई का? दादा त्यांना म्हणाले, आजाऱ्याची सेवा आहे, तिला कमी लेखू नका. मी ती याद त्यांना दिली. ते म्हणाले, तू माणसं वाचवती, ती चहा पाजती, हे दोन्ही बराबर न्हाई. मी उठून आले. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांच्या घरचं पाणी न पिता आले.

अन् आणखी एक. नांदेडहून तुझ्यासाठी स्थळ आलं आहे. मुलाचं नाव संतराम. सरकारी कचेरीत कारकून आहे, निर्व्यसनी आहे. मी बघून आले, पोरगं गरीब स्वभावाचं वाटलं. फक्त नोकरी सोडावी लागंल. तसं बी लग्न केलं की तुमची कंपनी ठेवत न्हाई, असं मी ऐकलं. दादांच्या मनात लई आहे. मी तुला हो म्हण बी म्हणत न्हाई अन् न्हाई म्हण बी म्हणत न्हाई. इकडचं तिकडं अन् तिकडचं इकडं करून मी थकले, पोरी. मला आता तुमच्या दोघांमधून सुटी द्या.

विचार करून कळव. स्वतःला जप.

तुझी आत्या,
जनकाबाई


नागपूर,
दि. ३ मार्च १९७४

ती. आत्यास शेवंताचा जयभीम. वि. वि.

हे पत्र नागपूरच्या दवाखान्यातून लिहिते आहे. घाबरू नकोस. गुडघ्याला पाच टाके आहेत आणि धुरानं घसा बसला आहे, एवढंच. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

गेल्या मंगळवारी दुपारी आमचं विमान इथं उतरलं आणि टेकताना टायर फुटलं. विमान धावपट्टी सोडून मातीत गेलं. डाव्या बाजूनं धूर यायला लागला. कॅप्टननी सांगितलं, सगळ्यांना बाहेर काढा. मागचं उजवं दार माझं होतं. उघडलं की खाली रबरी घसरगुंडी फुगून उतरते, त्यावरून एकेकाला सोडायचं. माणसं अंगावर आली. एक जण वाटभर चुटक्या वाजवत होता, तो मोठी बॅग छातीशी धरून दारातच अडकला. मी इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. मग आत्या, माझ्या तोंडून बाळापूर निघालं. ओरडले, सोड की ते बोचकं, मरायचं हाय का! बॅग ओढून मागं फेकली आणि त्याला ढकललं. त्याच्यामागं बाकीचे भराभर गेले.

सगळे उतरले असं वाटलं, तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. एक म्हातारी बाई खुर्चीतच होती. पट्टा सुटत नव्हता आणि तिच्यात ओरडायचंही बळ नव्हतं. धुरात दिसत नव्हतं, मी खुर्च्या मोजत गेले. पट्टा सोडला, तिला मिठीत घेतलं आणि दोघी मिळून खाली आलो. गुडघा तिथंच फाटला. नंतर आगीचा बंब आला. एकसष्ट माणसं होती, एकसष्टही जिवंत आहेत.

सगळे मला शाबास म्हणतात. मला मात्र झोप लागत नाही. महिनाभराची रजा आहे, नंतर परत चढणार का, ते महिनाअखेरीला कळवायचं आहे. आत्या, मी थकले. चुटक्यांनी थकले, बाबांच्या न आलेल्या पत्रांनी थकले. नांदेडच्या लोकांना हो सांगून टाक. मला आता कुणाशीच भांडायचं नाही.

तुझ्या हाताची फार गरज आहे. जवळ असतीस तर बरं झालं असतं.

तुझी,
शेवंता


आखाडा बाळापूर,
दि. १४ मार्च १९७४

चि. शेवंतास जयभीम आणि अनेक उत्तम आशीर्वाद.

तू नको म्हटलं असूनही जनकानं तुझं पत्र माझ्या हातात दिलं. तिच्यावर रागावू नकोस. शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली ती मला ऐकू आली नाही, शेवटी मुलंच वर्गात जाऊन बसली.

तुझ्या आधीच्या तीन पत्रांची पाकिटं मी फोडलेली नव्हती. काल फोडली. तलावात बुडता बुडता शिकलीस, ते एकात आहे. विमानाला किती दारं असतात आणि कोणत्या दारापाशी कोण उभं राहतं, तेही आहे. मुलांना रोज वाचायला शिकवणाऱ्या माणसानं आपल्याच मुलीचं पत्र सात महिने वाचलं नाही, ही माझी चूक आहे.

ताटांविषयी माझं मन अजून मोकळं झालेलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. पण तुझं काम म्हणजे ताटं, एवढंच मी धरून बसलो होतो. ज्या कामात धुरात परत जावं लागतं, त्याला हलकं म्हणण्याचा मला अधिकार नाही. जनका मला हेच सांगत होती.

नांदेडच्या लोकांना मी नकार कळवला. मुलात दोष नाही. पण थकून दिलेला होकार मी होकार धरत नाही. नोकरी ठेवायची की सोडायची ते तूच ठरव, मात्र आधी झोप झाल्यावर. कंपनीला लिहून आणखी रजा माग. बरी झालीस की जयंतीला घरी ये. मागची खोली झाडून घेतली आहे. कितीही वेळ झोप, तुला कोणी उठवणार नाही.

यापुढं जनकाच्या हाती निरोप नको. तिचे पाय दुखतात. मला सरळ लिहीत जा.

तुझा बाप,
नरसिंग


मुंबई,
दि. ३० एप्रिल १९७४

तीर्थरूप बाबांस शेवंताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. घरी आठ दिवस मी झोपले, जेवले आणि परत झोपले. जयंतीच्या मिरवणुकीतही अर्ध्यातून घरी आले. तुम्ही काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. दोघं ओट्यावर बसून होतो, तेवढं मला पुष्कळ झालं. आत्याही दोन दिवस येऊन राहिली, तुमच्या हातचा चहा प्यायली.

निघताना बसथांब्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, की परत चढायची भीती वाटते का. मी नाही म्हणाले. बस आली आणि बोलणं राहून गेलं.

काल सकाळी पुन्हा कामावर गेले. माझं दार मी लावलं आणि ते इतक्या वेळा परत तपासलं, की बरोबरच्या मुलीनं विचारलं, तू उतरतेस का? मी नाही म्हणाले. विमान वर गेलं. लोकांनी चहा मागितला, तो दिला, कप गोळा केले. उतरताना खुर्चीचे दांडे घट्ट धरून बसले होते. संध्याकाळी खोलीवर आल्यावर रडले. उद्या परत जायचं आहे आणि मी जाणार आहे.

बाबा, मला भीती वाटते. तुम्हाला खरं सांगायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र.

उत्तर लवकर लिहा. लहान असलं तरी चालेल.

तुमची,
शेवंता